मोजून दिलेलं पाणी

९ जानेवारी २००४, शुक्रवार

जितेश घरी आला. घरी म्हणजे माझ्या गोखिवऱ्याच्या फ्लॅटवर. भुईगावच्या वाडीत त्याला नेता येणार नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. माती नको, पालापाचोळा नको, विहिरीचं पाणी नको, कुंडीतलं झाडसुद्धा नको. ज्या वाडीत माझा भाऊ वाढला ती आता त्याला बाधेल. आईला हे पटलं नाही. तरी ती वळकटी घेऊन आली.

मी कुंड्या खाली वॉचमनला देऊन टाकल्या. फरशी दोनदा पुसली.

रक्ताच्या कॅन्सरसाठी त्याच्या हाडांतलं सगळं औषधांनी जाळून टाकलं आणि त्या जागी माझ्या रक्तातल्या पेशी सोडल्या. त्याला महिना झाला. पेशी रुजल्या. डॉक्टर ‘रुजल्या’ असंच म्हणतात. या सगळ्या प्रकरणातला तेवढा एकच शब्द आईला नीट कळला.

मी त्याला सांगितलं की काही महिन्यांनी तुझा रक्तगट बदलून माझा होईल.

“म्हणजे मलाही कॉलेजात मराठी शिकवावं लागणार?” तो म्हणाला.

तोंडात अजून फोड आहेत, त्यामुळे तो हसत नाही, डोळे मिटतो. पाणी स्ट्रॉने पितो.

हे लिहायला घेतलं कारण भीती वाटते आणि ती कोणाला सांगता येत नाही. सगळे अभिनंदन करताहेत. लिहिलं की भीती नेमकी कशाची ते कळेल असं वाटलं होतं. एक पान झालं. कळलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार

क्लेमेंट येऊन गेला. त्याची केळीची वाडी भुईगावला आमच्या वाडीला लागून आहे. टेम्पो घेऊन तो रोज स्टेशनकडे येतो. दारातच थांबला, तोंडावर रुमाल धरून.

“काय रे जितेश, ताईचं रक्त चढवलं म्हणे. आता तू पण चष्मा लावणार आणि आम्हाला गप्प बसा सांगणार!”

“आधी तुलाच सांगतो,” जितेश आतून म्हणाला.

क्लेमेंटने आमच्याच वाडीतली शहाळी गोणीत भरून आणली होती. मी विचारलं, ही कोणासाठी? डॉक्टरांनी फक्त उकळलेलं पाणी सांगितलंय.

“त्याला कोन देतंय?” आई म्हणाली. “येनारा-जानारा असतो.”

आईचं माहेर भातशेतीच्या गावातलं. इतकी वर्षं भुईगावात काढली तरी तिची बोली माहेरचीच राहिली. पूर्वी मी तिला सुधारायला जायचे. आता ती बोलते तेव्हा मी फक्त ऐकते.

गोणी मागच्या गॅलरीत ठेवली.

१६ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत होऊन गेली. शेजारच्यांनी तिळगूळ दिला, मी दारातूनच घेतला. कोणाला आत घेत नाही. लोकांना राग येत असेल.

जितेशचं वजन वाढलंय. हॉस्पिटलातून आला तेव्हा नुसता सांगाडा होता. आज पायजम्याची नाडी एक वेढा सैल बांधावी लागली. आईने कानशिलावर बोटं मोडली. “अंग धरतोय पोरगा,” म्हणाली.

मलाही आनंद झाला. दुपारी मी झोपले. कित्येक आठवड्यांत दुपारची झोप नव्हती.

१८ जानेवारी, रविवार

आईने त्याला खिडकीशी उजेडात बसवलं होतं. मला हाक मारली. “याचे डोळे बघ.”

पांढरं पिवळं झालंय.

उजव्या बरगडीखाली दुखतंय. कधीपासून, विचारलं तर म्हणाला, परवापासून. सांगितलं का नाहीस? “तुम्ही दोघी खूश होतात.”

पोट ताणलेलं आहे. दाबलं तर ओरडतो. पाय सुजलेत. ते अंग धरणं नव्हतं. पाणी होतं.

हॉस्पिटलने दिलेलं माहितीपत्रक काढून वाचलं. त्यात एक वाक्य आहे, आधीही वाचलं होतं. दात्याच्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर आणि यकृतावर हल्ला करू शकतात. दाता म्हणजे मी. आता कळलं भीती कशाची आहे ते.

१९ जानेवारी, सोमवार

हॉस्पिटल. सोनोग्राफी, रक्त, पुन्हा रक्त.

डॉक्टर तरुण बाई आहेत, फार हळू बोलतात. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या आतून सुजून बुजल्या आहेत. रक्त यकृतात शिरतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. मग पाणी झिरपून पोटात साठतं आणि पित्त रक्तात उतरतं. पेशी देण्याआधी जी जहाल औषधं दिली त्यांचा हा परिणाम. बहुधा आधीच होतो. याला उशिरा झाला.

“माझ्या पेशींनी केलं का?”

“नाही. चित्र तसं दिसत नाही.”

“खात्री आहे?”

यकृताचा तुकडा काढून तपासला तर खात्री देता येईल, म्हणाल्या. पण याच्या प्लेटलेट्स इतक्या कमी आहेत की सुई घातली तर रक्त थांबणार नाही.

म्हणजे खात्री नाही.

प्रत्यारोपणाच्या वॉर्डात खाट रिकामी नाही. गुरुवारी या, म्हणाल्या. श्वास लागला तर लगेच. तोवर मीठ बंद. पाणी मोजून, चहा-पेज-औषधाबरोबरचा घोट सगळं धरून दिवसाला एक लिटर. लघवी व्हायच्या गोळ्या. सकाळ-संध्याकाळ वजन. बेंबीवरून टेप लावून पोटाचा घेर घ्यायचा. टेप रोज त्याच जागी लागावी म्हणून सिस्टरने दोन्ही कुशींवर पेनने खुणा केल्या.

आई बाहेर बाकावर होती. काय सांगितलं म्हणून तिने विचारलं. लिव्हरला सूज आहे, मी म्हणाले.

“म्हंजे कावीळ,” आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. काविळीचं तिला सगळं ठाऊक आहे.

२० जानेवारी, मंगळवार

मी दोन तास कॉलेजात जाऊन आले. रजा शिल्लक नाही. तेवढ्यात क्लेमेंट माळ देऊन गेला. भुईगावच्या काशिनाथ आबांची काविळीची माळ. आमच्या भागात अजून सगळे नेतात, हिंदू, ख्रिस्ती, कोणीही. रानातल्या कसल्याशा वेलीच्या काड्यांचे तुकडे एका दोऱ्यात गाठी मारून ओवलेले. आधी मुकुटासारखी डोक्यावर घालायची. मग ती आपोआप लांबत जाते, गळ्यात येते, छातीवर येते, पोटावर. पायांतून निघाली की कावीळ उतरली.

त्यात चमत्कार काही नाही. काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो. मी हे आईला समजावलं.

“लांबते ना पन?” आई म्हणाली.

मी माळ घेतली आणि डेटॉलच्या पाण्यात बुडवून काढली. रानातल्या काड्या याच्या अंगाला कशा लावू द्यायच्या? आई संतापली. “गुन धुऊन टाकलास तिचा!”

जितेशने ती टकलावर घातली. “आता हिला पण हॉस्पिटलचा वास येतो,” म्हणाला. “कसा दिसतो? ख्रिस्तपुराणातला वाटतो का?”

“आबांनी आणखी काय सांगितलं?” मी विचारलं. “पोटात घ्यायचं काही नाही ना? पाला, रस? तसलं काही द्यायचं नाही, आई.”

“पाला नाही. देवाशपथ. नुसतं पथ्य.”

मीठ नको, तेल नको असंच पथ्य असतं. आमच्या डॉक्टरांचंही तेच आहे. माळेने काय होतंय, असा विचार करून मी सोडून दिलं. आईच्या हाताला काही काम हवं.

२२ जानेवारी, गुरुवार

वजन वाढलं. घेर वाढला. पेनच्या खुणा ताणून फिकट झाल्या आहेत.

मी मापाच्या ग्लासने पाणी देते आहे. एक थेंब जास्त नाही. तो मागतो, मी नाही म्हणते. ओठ फुटलेत. काल कॉलेजला निघताना म्हणाला, “ताई, तू शाळेत पण अशीच होतीस. माझ्या पतंगाचा मांजा मोजून द्यायचीस.”

हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझा तक्ता पाहिला. इतकं कमी पाणी, इतक्या गोळ्या, तरी वजन चढतंय. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गोळ्या वाढवल्या. शनिवारी खाट मिळेल.

पाण्याने नाही तर मग कशाने? मला एकच उत्तर सुचतं.

मी मासे बंद केले. चहा बंद केला. तिखट खात नाही. माझ्यातलं रक्त शांत राहिलं तर त्याच्यातलंही राहील. हे वेडेपण आहे. एम.ए.च्या वर्गापुढे मी अशा माणसाला हसले असते. तरी करते आहे.

माझ्याही रक्ताची तपासणी करून घेतली. माझं यकृत उत्तम आहे. तो कागद आईला दाखवला नाही.

माळ गळ्यात आली आहे. आई म्हणते, उतार पडतोय.

२३ जानेवारी, शुक्रवार

दारात क्लेमेंट. रिकामी शहाळी गोणीत भरून घेऊन चालला होता, नवी ठेवून.

“जयवंतीकाकी, बिल्डिंगखाली शहाळ्यांची गाडी लावायची काय? स्टेशनवाल्या भय्याचा धंदा बसेल!”

आईने त्याला दटावलं. “गप रे. जा तू.”

मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी या घरात कोणीतरी चेष्टा केली. आई स्वतः तरी काही पितेय, हेही बरं. ती जेवत नाही हल्ली.

संध्याकाळी जितेशला धाप लागली.

२४ जानेवारी, शनिवार

दाखल केलं. एकाच माणसाला सोबत राहता येतं. दिवसा आई, मी कॉलेज आटोपून, असं ठरलं. आईला मास्क लावून आत बसवलं. सिस्टरने सगळी भांडी बाहेर ठेवायला लावली, आत फक्त त्यांची बाटली.

पिवळेपणा आता सगळ्या अंगावर आहे. मूत्रपिंडांवरही ताण येतोय.

डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. एक औषध आहे, डिफायब्रोटाइड. त्या बुजलेल्या वाहिन्या मोकळ्या करतं असा अनुभव आहे. अजून सगळं सिद्ध झालेलं नाही. काहींना उपयोग झाला, सगळ्यांना नाही. रक्तस्राव होऊ शकतो. आपल्याकडे मिळत नाही.

“कुठे मिळतं?”

“इटलीत.”

मी व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकले. क्लेमेंट आईचा डबा घेऊन आला होता. त्याला सांगितलं. त्याने एक क्षणही विचार केला नाही.

“इटली ना? मग आमचा फर्डिनंड कशाला आहे तिकडे?”

त्याचा धाकटा भाऊ फादर आहे. दोन वर्षांपासून रोममध्ये शिकतोय. आम्ही सगळे एका पारावर वाढलो आणि मला त्याची आठवण झाली नव्हती.

२६ जानेवारी, सोमवार

बूथवरून रोमला फोन लावला. बाहेर शाळेची मुलं झेंडे घेऊन चालली होती, एका कानावर हात धरून बोलावं लागलं.

“राधिका, मी सकाळच्या मिस्सात जितेशसाठी प्रार्थना केली,” फर्डिनंड म्हणाला.

“फादर, आधी औषध.”

तो हसला. “दोन्ही करतोय. औषधाची रांग लहान आहे.”

तिथल्या एका हॉस्पिटलात आपल्याच वसईची एक सिस्टर नर्स आहे. तिने तिथल्या डॉक्टरांना गाठलं. आमच्या डॉक्टरांनी फॅक्स केला. तिकडून एक फादर रविवारी सकाळी मुंबईला उतरतात, त्यांच्या बॅगेत येईल.

रविवार. आज सोमवार आहे.

२८ जानेवारी, बुधवार

पोटात सुई घालून पाणी काढलं. बाटलीत भरत गेलं, पिवळं, पारदर्शक. मी पाहिलं. पाहायचं नव्हतं.

आज त्याने मला आई म्हणून हाक मारली. मग आईला ताई. डॉक्टर म्हणतात, रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाते, म्हणून.

मी विचारलं, “माझ्या पेशी परत काढता येतील का?”

“परत?”

“बाहेर. त्याच्यातून.”

त्यांनी मास्क खाली केला. “त्या काढल्या तर त्याच्याकडे काहीच उरणार नाही. त्याला आत्ता जे काही जगवतंय ते तुमचंच आहे.”

हे त्या समजूत घालायला म्हणाल्या. मला ते धमकीसारखं ऐकू आलं.

माळ छातीखाली आली आहे. सिस्टर पोटाला टेप लावताना ती बाजूला सारते. टेपचा आकडा उतरत नाही, माळ मात्र खाली येते. आई फक्त माळेकडे पाहते.

२९ जानेवारी, गुरुवार

सकाळी डॉक्टर म्हणाल्या, “काल काढलेलं पाणी हिशेबात धरलं तरी इथे आल्यापासून वजन वाढायचं थांबलंय. नवं काहीच दिलेलं नाही, त्याच गोळ्या, तेवढंच पाणी. घरी आणि इथे काय फरक आहे?”

काही नाही, मी म्हणाले.

“आठवून पाहा.”

मी गोखिवऱ्याला कपडे आणायला आले. आता घरीच बसून लिहिते आहे. मागच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर काढायला गेले. कोपऱ्यात गोणी होती, क्लेमेंटने न नेलेली, फोडलेली शहाळी. माश्या होत्या. प्रत्येक शहाळ्यात एक स्ट्रॉ.

या घरात स्ट्रॉने एकच माणूस पितो.

मी तिथेच खाली बसले. कॉलेजचे ते दोन तास. येणारा-जाणारा, जो कधी आलाच नाही. मी मापाचा ग्लास घेऊन उभी होते आणि माझ्या पाठीमागे त्याच्या पोटात शहाळ्यांमागून शहाळी रिकामी होत होती.

मला राग यायला हवा होता. जे वाटलं ते लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. मी नाही. माझं रक्त नाही. मी त्या घाणेरड्या गोणीशेजारी बसून खोल श्वास घेतला.

३० जानेवारी, शुक्रवार

आईला हॉस्पिटलच्या जिन्यात गाठलं. तिने नाकारलं नाही.

“आबा म्हनाले, तहान लागंल तवा शहाळं. काविळीची आग पान्यानंच उतरते. तुझ्या बाबांना नव्हती झाली कावीळ? बरे झाले ना?”

“आई, ही ती कावीळ नाही.”

“मला काय ठावं? तू कुठं सांगतेस? लिव्हरला सूज आहे म्हनालीस.” तिने पदर तोंडाला लावला. “ओठ फुटले होते त्याचे. माझ्याकडं बघायचा. मी पानी नाही म्हनू? माझ्या पोराला?”

मी तिला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. हे सांगणं भागच होतं, नवं औषध रक्त पातळ करतं, त्यामुळे याआधी पोटात काय काय गेलं ते सगळं त्यांना कळायला हवं. आईने सगळं सांगितलं, उभ्यानेच. पाला नाही, रस नाही, फक्त शहाळ्याचं पानी.

डॉक्टर रागावल्या नाहीत. “रोग त्याने झालेला नाही, आजी. वाढला मात्र. सांगितलंत हे फार बरं केलंत.”

आईने त्यातलं दुसरं वाक्य तेवढं ऐकलं. वाढला.

जितेश दुपारी थोडा शुद्धीत होता. मला जवळ बोलावून म्हणाला, “तिला बोलू नकोस. मी मागत होतो. तू गेलीस की लगेच.”

१ फेब्रुवारी, रविवार

औषध आलं. क्लेमेंटने विमानतळावरून थेट टेम्पोने आणलं. पुठ्ठ्याचा खोका, त्यावर इटालियन अक्षरं, आत कापसात काचेच्या कुप्या. खोक्याच्या आत फर्डिनंडने क्रुसाचं एक छोटं चित्र ठेवलं होतं. सिस्टरने ते बाहेर काढलं आणि विचारलं, हे आत न्यायचं का? मी म्हटलं, प्लास्टिकमध्ये घालून.

क्लेमेंट बाकावर बसला. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, पण कळलं असावं. “ताई, शहाळी मीच आणायचो,” म्हणाला. मी त्याच्याशेजारी बसले.

शिरेतून थेंब थेंब सुरू झालं.

आई दोन दिवस जेवलेली नाही. पाणीही पीत नाही, हे मला आज सिस्टरने सांगितलं. मी तिच्यापुढे बाटली धरली. तिने ती बाजूला केली. काचेतून आत पाहिलं. मग मला विचारलं,

“खरं सांग. पोराला हे कशानं झालं? तुझ्या रक्तानं का माझ्या पान्यानं?”

दोन्हींनी नाही, आधीच्या औषधांनी, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण आईने दोनच वाटा ठेवल्या होत्या. तिसरं उत्तर ती ऐकणार नव्हती. आणि तीन दिवसांपूर्वी ज्या गोष्टीतून सुटल्याचा मला आनंद झाला होता ती समोरच होती.

“माझ्या रक्ताने,” मी म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

“मग त्याला सांग,” ती म्हणाली. “तुझं आहे ना ते? तुझं ऐकंल.”

आणि तिने माझ्या हातातली बाटली घेतली. एक घोट घेतला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नाकातून रक्त आलं. औषध थांबवलं. प्लेटलेट्स चढवल्या. दुपारी पुन्हा सुरू केलं, हळू.

मी रात्रभर इथेच आहे. काल कधीतरी तो झोपला असताना मी त्याच्या उजव्या बरगडीपाशी वाकले. मास्क होता. सिस्टर बाहेर होती. मी ज्या विषयाची पदवी घेतली त्याचे सगळे शब्द माझ्याकडे आहेत, आणि मला एवढंच सुचलं : पुरे झालं. हा आपलाच आहे.

तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लघवी वाढली. सिस्टरने भांडं उजेडात धरून दाखवलं, जणू काही प्रसाद आहे. पिवळेपणाचा आकडा पहिल्यांदा चढला नाही. उतरलाही नाही.

“अजून मी काहीच म्हणणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी काही म्हणू नये असंच मलाही वाटतं.

जितेश बोलतोय. थकलेला आहे, पण मला ताई म्हणाला, आईला आई.

“परवा माझ्या पोटाशी काय पुटपुटत होतीस?”

“काही नाही.”

“वर्गात ओरडतेस तसं ओरडायचं ना. आत ऐकू गेलं नसेल.”

माळ आज पायांतून निघाली. सकाळी अंग पुसताना घोट्याशी सापडली. दोरा आणि वाळलेल्या काड्या. सिस्टरने आईला विचारलं, ठेवायची का? आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती औषधाच्या थेंबांकडे पाहत होती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी वजन कमी भरलं. सिस्टरने त्याला उतरवून पुन्हा काट्यावर उभं केलं. तेवढंच. किती ते इथे लिहीत नाही. तक्त्यावर आहे. इथे लिहिलं तर उद्या बदलेल असं वाटतं.

दुपारी त्याने पाणी मागितलं. आज आईची पाळी होती, मी काचेच्या बाहेर होते, आतल्या फोनवरून ऐकू येतं.

“आई, एक घोट.”

“चार वाजता.”

“एकच गं.”

“चारला. ते बघ घड्याळ.”

“तू द्यायचीस की.”

आई उठली. मला वाटलं, देणार. मी काचेवर हात आपटायला उचललासुद्धा. तिने कापसाचा बोळा ओला केला, पिळला, पुन्हा पिळला, आणि त्याच्या ओठांवरून फिरवला. तो बोळा दातांत धरायला गेला. तिने हात मागे घेतला. तो रडू लागला. लहानपणी रडायचा तसा, आवाज न करता. आई भिंतीकडे तोंड करून बसली. तिची पाठ मला दिसत होती. ती वळली नाही.

मी व्हरांड्याच्या टोकाला नळ आहे तिथे गेले. सकाळपासून मीही प्यायले नव्हते. ओंजळ भरली. पाणी थंड होतं. प्यायले, पुन्हा भरली, पुन्हा प्यायले, आणि तेव्हा एकदम मनात आलं की त्याच्या अंगात माझं रक्त आहे, त्याला हे कळेल. मी नळ घट्ट बंद केला आणि हात न पुसताच काचेशी पळत आले.

त्याचे डोळे मिटलेले होते. पोट खाली-वर होत होतं. आई अजून भिंतीकडे पाहत होती.

चार वाजायला वेळ होता.